दुसऱ्यानं द्यायची हजेरी

३० ऑगस्ट. शेंगदाणे भाजून झाले, सालं पाखडून झाली, आता उखळात कुटायचे. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. चटणीला तेल सुटायला लागलं की मुसळाचा आवाज बदलतो, आणि तो मला ओळखता येतो. शिवाय आज मला हात चालू ठेवून विचार करायचा होता. संध्याकाळी बायका घरी निघायच्या आत एक गोष्ट ठरवायची होती.

आमचा उद्योग कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा. अक्कलकोट रोडला पत्र्याची शेड आहे, तिथे आम्ही सात-आठ बायका काम करतो. गेल्या आठवड्यात दीपा आली. दीपा साडी नेसते, केस बांधते, कपाळाला मोठं कुंकू लावते, आणि तिचा आवाज पुरुषाचा आहे. इतकी वर्षं ती परडी घेऊन दुकानादुकानांतून जोगवा मागायची. "मागून खायाचा कंटाळा आला ताई, काम द्या," म्हणाली. सणाच्या तोंडावर मला भाकरी थापणारे हात हवे होते. मी म्हटलं, ये.

आज दुपारी विजयाबाईंनी मला शेडच्या मागे बोलावलं. त्या माझ्याकडे सगळ्यांत जुन्या. भवानी पेठेतून चालत येतात, भाकरी अशी थापतात की कागद वाटावा.

"ताई, मी वाईट बोलत न्हाय. पण तिला म्हणायचं काय? बाई म्हणावं तर बाई न्हाय. बाप्या म्हणावं तर साडी नेसून बसलीय. मांडीला मांडी लावून कसं बसायचं सांगा."

"मग काय करू?"

"तिला काढा, न्हाईतर मागं बसवा, पीठ चाळाया. न्हाईतर आमी चौघी उद्यापास्नं येत न्हाय."

मागं म्हणजे मोरीशेजारी, पोत्यांच्या आड. दीपा तिथे बसणार नाही. ती परत परडी उचलेल, हे विजयाबाईंनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते, आणि उखळाशी येऊन बसले.

अशा वेळी मला आक्का आठवतात. आक्का माझ्या घरमालकीण.

सांगोल्याहून मी सोलापुरात आले ती एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायची नोकरी मिळाली म्हणून. घरी मेंढरं, डाळिंबाची थोडी झाडं, आणि माझ्या लग्नाची घाई. नोकरी मिळाल्यावर मी खोली शोधायला लागले. एकटी मुलगी म्हटल्यावर आधी दार अर्धं लागायचं, मग पहिला प्रश्न यायचा तो आडनावाचा. आडनाव सांगितलं की गाव, गाव सांगितलं की 'म्हणजे तुम्ही कुठले?' त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. तीन-चार दारं झाल्यावर मी शिकले आणि दार उघडायच्या आतच सगळं सांगून टाकायला लागले, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो.

आक्कांच्या दारातही मी तशीच सुरुवात केली. पायरीवर एक काळीसावळी, रुंद हाडाची बाई तंबाखू मळत बसली होती. तिनं हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मला येक सांग. तू आजारी पडलीस तर मी कुणाला सांगायचं?"

मी म्हटलं, घरी फोन नाही, गावात एका दुकानात आहे.

"ते लांब झालं. हितं, सोलापुरात कोण हाय?"

"कुणी नाही."

"मग तुला खोली द्यायाच पायजे," असं म्हणून त्यांनी तंबाखू दाढेखाली सरकवली आणि किल्ली दिली. इतर घरमालक ज्या कारणासाठी खोली नाकारत होते, त्याच कारणासाठी या बाईनं ती दिली होती. मला ते विचित्र वाटलं. पण खोली स्वच्छ होती, भाडं माझ्या ऐपतीत होतं, आणि बाई येडी असली तरी माझं काय जातंय, असा मी हिशेब केला.

त्याच दिवशी दिवेलागणीला माझा हिशेब चुकला.

मधल्या अंगणाच्या तिन्ही बाजूंनी खोल्या होत्या. दिवे लागले की आक्का पायरीवर बसून हाक द्यायच्या, "हजेरी!" आणि सगळे भाडेकरू बाहेर यायचे. कुणी हातात पळी घेऊन, कुणी पोर कडेवर घेऊन. मला वाटलं, भाडं गोळा करतात. तर आक्का एकेकाचं नाव घ्यायच्या. माझं नाव घेतलं तशी मी शाळेतल्यासारखी म्हणाले, "हजर."

सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत.

"आपलं आपण न्हाय बोलायचं. तुझं दुसऱ्यानं सांगायचं. कुणाला ठावं हाय हिचं?"

शेजारच्या खोलीतली विणकर घरातली म्हातारी होती, पद्माबाई. ती तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "आहे आक्का. दुपारी आली. पिशवीत भाकरी आहे, पण कोरड्यास काय नाही. विचारलं मी."

"मग?"

"देते की आमटी."

"हां," म्हणून आक्कांनी पुढचं नाव घेतलं.

त्या हजेरीचे दोन नियम होते. आपलं आपण हजर म्हणायचं नाही. आणि दुसऱ्यासाठी नुसतं 'आहे' म्हणून चालायचं नाही, त्याच्याबद्दल आजची एखादी गोष्ट सांगावी लागायची, जी विचारल्याशिवाय किंवा बघितल्याशिवाय कळली नसती. डोकं दुखतंय. मुलाचा पेपर होता. मुकादम ओरडला. सगळ्यांची हजेरी लागेपर्यंत कुणी आत जायचं नाही. चुलीवरचं उतू जात असलं तर ओरडून सांगायचं, आक्का एकीला पाठवायच्या.

हे खूळ कुठून आलं, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. आक्कांचा जन्म सेटलमेंटमधला. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला होता आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, तशी मोठी वसाहत सोलापुरात होती. आक्कांच्या वडिलांनी आयुष्यात काही चोरलं की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या जमातीचं नाव कायद्यात होतं, एवढं पुरे होतं. बाहेर गिरणीत कामाला जायचं तर पास. आणि दिवसातून अनेकदा हजेरी.

"माझ्या बापाला लंबर हुता," आक्का सांगायच्या. "लंबर पुकारला की त्यानं हात वर करून हजर म्हणायचं. ताप असू दे, घरात मढं असू दे. हजर म्हणला की झालं, साहेबाला पुढचं काय नको. तो जिवंत हाय का, जेवलाय का, काय न्हाय. पळाला न्हाय येवढंच बगायचं. त्याला हजेरी म्हणत्यात व्हय? ती तर मेंढरं मोजल्यावानी झाली."

मी मेंढपाळाच्या घरातली. मी म्हटलं, "आक्का, आमचे आबा मेंढरं मोजताना प्रत्येकीला ओळखतात. कुणाचा पाय दुखतोय तेही."

आक्कांनी तंबाखूची चिमूट मळली. मग म्हणाल्या, "मग तुझ्या आबाला साहेब करायला पायजे हुता."

तार काढली तेव्हा त्या लहान होत्या. लोक त्यांना त्या दिवसाची गोष्ट विचारायचे, काहीतरी थोर ऐकायला मिळेल म्हणून. आक्का तीच गोष्ट सांगायच्या. "आईनं मला हाताला धरून भाईर नेलं. भाईर उभं केलं. मग परत आत आणलं. जेवाण आतच हुतं की." आणि पुढे, "तार काढाया माणसं आली. अंगावरचं चोर हे नाव काढाया कोण आलंच न्हाय. ते आमचं आमाला काढाया लागलं."

त्यांची बाकीची खुळंही याच मुळातून फुटलेली होती. घरात कुठल्याही खोलीला नंबर नव्हता. निंबाखालची, टाकीजवळची, उन्हाची, अशी खोल्यांची नावं. वीजमीटरवाला वैतागायचा. पोस्टमन दारात उभा राहून नुसतं नाव ओरडायचा. अंगणात कपडे वाळत घालायला तार बांधायची नाही, सुतळीची दोरी. ती ओल्या लुगड्यांच्या वजनानं झोळीसारखी लोंबायची आणि पदर मातीत लोळायचे. मी एकदा कारखान्यातून चांगली जस्ताची तार आणली. आक्कांनी ती वेटोळं सोडायच्या आतच दाराबाहेर टाकली.

"आक्का, डोक्यावरून विजेची तार गेलीय ती चालते?"

"ती वर हाय. अंगाला लागत न्हाय."

मी मातीचे कपडे दुसऱ्यांदा धुवायला घेतले.

कुणाची ओळख करून द्यायची तर आक्का गाव, आडनाव, नवरा कुणाचा, यातलं काहीच सांगत नसत. "ही आईला पैसे धाडती ती." "हा रागावला की गप बसतो तो." कारखान्याच्या मालकांना एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला वांगं चालत न्हाय, अंग सुजतंय. ठावं हाय का तुमाला?" मालकांना ठाऊक नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या गोड बाई होत्या असं कुणी समजू नये. तोंड फाटकं होतं. जावयाशी त्या वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या आणि कारण विचारलं तर "कारण हाय" एवढंच. संध्याकाळच्या हजेरीपायी एक कुटुंब खोली सोडून गेलं. त्या माणसाला आपल्या घरातलं दुसऱ्यानं सांगितलेलं खपत नव्हतं, आणि त्याचंही काही चूक नव्हतं. मलाही कित्येकदा वाटायचं, थकून आलेय, निजू द्या. दार लावून पडले तर आक्का बाहेरून म्हणायच्या, "कोण सांगतंय हिचं?" आणि दाराबाहेर पाच बायका माझ्या पोटदुखीची चर्चा करायच्या.

पण पद्माबाईंच्या वेळचं मी विसरत नाही. एका संध्याकाळी त्यांचं नाव घेतलं आणि कुणाकडेच सांगायला काही नव्हतं. 'दिसल्या नाहीत.' 'सकाळपासून आवाज नाही.' एरवी कुठल्याही चाळीत यावर लोक झोपायला गेले असते. इथे हजेरी अडली, म्हणून दार ढकललं. त्या खाली पडलेल्या, एक अंग लुळं. दवाखान्यात नेलं, वाचल्या. पुढे वाकड्या तोंडानंच तेलुगूत शिव्या द्यायच्या, आणि हजेरीला त्या शिव्यांचीच बातमी व्हायची.

आक्कांना ३१ ऑगस्टच्या कार्यक्रमाला दरवर्षी बोलवायचे. तो कायदा रद्द झाला त्याचा हा दिवस, सेटलमेंटच्या लोकांत तो पाळतात. मी सोबत जायची, कारण आक्कांना खुर्चीवरून उठायला हात लागायचा. एका वर्षी तिथे एका वक्त्यांनी सांगितलं की तो कायदा पहिल्यांदा झाला तेव्हा त्याला दोन भाग होते. एका भागात आक्कांच्या लोकांसारख्या जमाती, आणि दुसऱ्या भागात परडी घेऊन फिरणारी, साडी नेसणारी, दीपासारखी माणसं. त्यांचीही नोंद ठेवायची, त्यांनाही बाईच्या वेशात दिसलं तर धरायचं. आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "बगितलंस? येकाच दावणीला बांधलं हुतं. आन आमी त्यास्नी दारात उभं करत न्हाय."

त्यांना असं एकदम स्वतःवरच घसरायची सवय होती. ती कुठून आली, त्याची गोष्ट सांगते.

निंबाखालच्या खोलीत सुंदरा म्हणून एक बाई राहायला आली. दारोदार फिरून सुया, पोत, कंगवे, बिब्बे विकायची. तिचे लोक पूर्वी गाढवावर बिऱ्हाड घालून हिंडायचे. शहरात तिला कुणी खोली देत नव्हतं. आक्कांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि किल्ली दिली.

मग आक्कांचं पितळी पातेलं दिसेनासं झालं. मोठं, जड, आईच्या हातचं. आक्का आणि त्यांच्या आईनं गिरणीत सुताच्या कांड्या भरून, त्या मजुरीतून घेतलेली ती पहिली वस्तू होती. आक्कांनी घर उलथंपालथं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, सगळे तोंड धूत असताना, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आपल्यात दारोदार हिंडणारं कोण हाय ते समद्यास्नी ठावं हाय. त्यांच्या रगतातच हाय ते."

सुंदरा कपडे पिळत होती. तिनं पिळलेलं लुगडं बादलीत ठेवलं, हात पुसले आणि आत गेली. बाकीचे तोंड धूत राहिले. मी कामावर गेले. दोन दिवस सुंदरा धंद्याला बाहेर पडली नाही, आणि हजेरीला तिचं नाव आलं की पद्माबाई म्हणायच्या, "आहे. जेवत नाही." आक्का पुढचं नाव घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी कल्हईवाला सायकलला पातेलं बांधून आला. आतून चांदीसारखं लखलखत होतं. "आक्का, माफ करा. तुम्हीच दिलं होतं की चौकात, कल्हई करून ठेव म्हणून. मी लग्नाला अक्कलकोटला अडकलो."

त्या दिवशी संध्याकाळी आक्का पायरीवर बसल्या आणि हजेरीची हाक दिली. आवाज रोजचाच. सगळे आले. सुंदराही आली आणि निंबाला टेकून उभी राहिली. एकेक नाव झालं. आक्कांचं नाव नेहमी शेवटी असायचं, ते त्या स्वतःच घ्यायच्या, आणि कुणीतरी सांगायचं. बरेचदा मीच. आक्का आहेत, सकाळपासून चहाच चहा चाललाय. तसलं काहीतरी.

त्या दिवशी आक्कांनी स्वतःचं नाव घेतलं आणि कुणीच बोललं नाही.

मला त्यांचा गुडघा सुजलाय हे माहीत होतं. मी सांगू शकले असते. मी गप्प राहिले, आणि आजही मला ते बरोबर वाटतं. ती जागा माझी नव्हती.

आक्का बसून राहिल्या. हजेरी पुरी झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला. पोरं कुरकुरायला लागली. कुणाच्या तरी घरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि आक्कांनी कुणाला पाठवलं नाही. तेवढ्यात नळाला पाणी आलं. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं. नळ सुटला की माणूस मयतातूनही उठतो. नळ फसफसला, मग धार लागली, खालची रिकामी बादली भरली, वाहायला लागली. आणि अंगणातलं एकही माणूस हललं नाही. ते पाणी दगडांवरून मोरीकडे जाताना मी बघत होते.

शेवटी सुंदरा निंबापासून पुढे आली.

"आक्का हाय," ती म्हणाली. "गुडघा सुजलाय तिचा. आन तिनं तीन दिस माझ्याकडं बगितलं न्हाय."

आक्कांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

"आता बगितलं," म्हणाल्या. "मी चुकले. लई वंगाळ बोलले."

"व्हय," सुंदरा म्हणाली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही.

"आता पाणी भरा की, येडपटांनो," आक्का ओरडल्या, आणि सगळे घागरी घेऊन पळाले.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीची हाक सुंदरा द्यायला लागली. असं काही ठरलं नव्हतं. आक्कांनी तिला पायरीवर शेजारी बसवून घेतलं, इतकंच. काही दिवसांनी डाळ निवडताना आक्का आपणहून मला म्हणाल्या, "माझ्या बापाला साहेब जे बोलायचा, ते माझ्या तोंडात जसंच्या तसं हुतं बग. इतकी वरसं. मला ठावं नव्हतं." मग खडा काढून फेकला. "आता ठावं झालं. आता त्याच्यावर नजर ठेवाया येती."

आक्का गेल्या त्याला काही वर्षं झाली. शेवटी त्या सरकारी दवाखान्यात होत्या. नर्सनं मला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मी म्हटलं, भाडेकरू होते. खाटेवरून आवाज आला, "हजेरी देती ती माझी." नर्सनं नातं म्हणून काय लिहिलं, मला माहीत नाही.

मी माझा उद्योग सुरू केला तेव्हा हे हजेरीचं खूळ मुद्दाम आणलं नाही. कामाच्या जागी काम करावं, असं माझं मत. बायका येतात, भाकऱ्या मोजून देतात, जातात. आज चटणी कुटता कुटता माझ्या लक्षात आलं की दीपाला येऊन आठवडा झाला आणि तिची मला ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे तिची भाकरी जाड होते. कामावर घेताना आक्कांचा प्रश्न मात्र माझ्या तोंडून आपोआप गेला होता. आजारी पडलीस तर कुणाला सांगायचं? दीपा म्हणाली होती, "कुणालाच न्हाय ताई." मी ते ऐकलं आणि पीठ मोजायला लागले होते.

चटणीला तेल सुटलं. मी मुसळ ठेवलं आणि बायका निघायच्या वेळी शेडच्या दारात उभी राहिले. दीपाही होती, हाताला पीठ.

"उद्या चुली पेटवायच्या आधी हजेरी होईल," मी म्हटलं, आणि नियम सांगितले. "ज्यांचं काही ठाऊक नाही, त्यांना विचारून या."

भाकऱ्या थापणाऱ्यांतली शमीम म्हणाली, "ताई, ये क्या नवीनच?"

"नवीन नाही. जुनं आहे."

विजयाबाईंना बरोबर कळलं. "आन येकादीचं कुणीच सांगितलं न्हाय तर?"

"तर चूल पेटणार नाही. कुणाचीच. बसून राहू."

"सणाची आर्डर हाय ताई."

"माहीत आहे."

"आमी येणारच न्हाय म्हणलं तर?"

"तर मी आणि दीपा बसून राहू. मागं बसवायला माझ्याकडे जागा नाही. ज्या येतील त्या पुढेच बसतील."

विजयाबाईंनी चप्पल पायात सरकवली आणि गेल्या. दीपा म्हणाली, "ताई, माज्यापायी धंद्याची वाट लावू नका. मी जाती की."

"हात धू," मी म्हटलं. "आणि उद्या वेळेवर ये."

३१ तारखेला सकाळी मी शेड उघडली, झाडून काढली, तवे मांडले. काडेपेटी कमरेला खोचली. पाच जणी आल्या. दोघी आल्या नाहीत. त्यांतली एक काही दिवसांनी कामावर परतली, दुसरी अजून आलेली नाही. विजयाबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या आणि चप्पल न काढता दाराशी उभ्या राहिल्या.

मी नावं घेतली. शमीमचं एकीनं सांगितलं, मुलीला शाळेतून चिठ्ठी आलीय. तिचं शमीमनं सांगितलं. माझंही कुणीतरी सांगितलं, की ताईंनी काल रात्री जेवण केलं नसणार, डोळे बघा. मी हरकत घेतली नाही.

मग दीपाचं नाव घेतलं.

कुणी बोललं नाही. दीपा म्हणाली, "हाय की मी."

"आपलं आपण चालत नाही."

बाहेर रिक्षा गेल्या, टेम्पो गेले. दुकानाचा माणूस भाकऱ्या न्यायला यायची वेळ जवळ येत होती. मी पाटावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. दीपा खाली बघत परातीची कड बोटानं घासत होती. मी बसून राहिले. मला घाई नव्हती; आक्कांनी नळ वाहू दिला होता.

"तिचा हात बगा आधी," विजयाबाई दारातून म्हणाल्या. आवाज चिडका. "उजव्या हाताला चटका बसलाय. फोड आलाय हा येवढा. काल वाटंत विचारलं तवा म्हणली, चार दिस झालं. चार दिस त्याच हातानं थापतीय, मग भाकरी जाड न्हाय हुणार तर काय."

कुणीतरी दीपाचा हात वर केला. फोड होता.

"काय लावलंय का?" मी विचारलं.

"लावलंय. माज्या घरातलं मलम. आमच्याच गल्लीच्या तोंडाला ऱ्हाती ती, मला कुटं ठावं हुतं." विजयाबाईंनी चप्पल काढली आणि आत येऊन आपल्या जागेवर बसल्या. पदर खोचला. दीपापासून त्यांनी हातभर अंतर ठेवलं होतं, ते मला दिसलं. "आन उद्या काय झालं तिला तर मला सांगा. गल्लीत दुसरं हाय कोण."

मी काडी ओढली. चुली पेटल्या, तवे तापले. दीपाला मी भाकरी शेकायला बसवलं, पाणी डाव्या हातानं लावायचं, थापायचं काम दोन दिवस बंद. ती म्हणाली, जमतंय की ताई. मी म्हटलं, जमत नाहीये. पहिली भाकरी तिनं करपवली. मी ती बाजूला काढली आणि दुसरी टाकायला सांगितली.